सालीखालची साखर: झाडाला धक्का लागतो तेव्हा आत काय होतं आणि आपण काय करावं

आंब्याच्या खोडाला कपडे वाळत घालायची तार करकचून बांधली तरी झाड लगेच वाळत नाही. पानं हिरवीगार राहतात. एखाद्या वर्षी तर मोहर नेहमीपेक्षा दाट येतो आणि घरातले म्हणतात, यंदा झाडाला मानवलं. पुढे दोन-चार वर्षांत तेच झाड शेंड्याकडून सुकायला लागतं. मग दोष पावसाला, मातीला, नाहीतर शेजारच्या बांधकामाला दिला जातो. खरं कारण मात्र सालीत रुतून बसलेलं असतं आणि तिकडे कुणी बघत नाही.

परसात चार झाडं असोत, डोंगरउतारावर काजू असो की गोव्यात फोंडा-सत्तरीकडचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, झाडाच्या आत साखर कशी फिरते आणि धक्क्याने, दाबाने, कापाने ती कशी अडते हे कळलं की पुष्कळ नुकसान टळतं. शिवाय हेच ज्ञान वापरून कलमं करता येतात, दाबून बसलेल्या झाडाला मोहरावर आणता येतं आणि जखमी झाड वाचवताही येतं.

आधी वाट समजून घ्या

मुळांकडून पाणी वर चढतं ते लाकडातल्या जलवाहिन्यांतून. पानात तयार झालेली साखर जाते ती रसवाहिन्यांतून, आणि आंबा, काजू, फणस, पेरू अशा झाडांत या रसवाहिन्या सालीच्या अगदी आतल्या बाजूला असतात. कोयत्याचा हलका घावसुद्धा तिथवर पोचतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा पातळ, ओलसर थर असतो. नवी साल आणि नवं लाकूड हाच थर घडवतो. ही तीन नावं लक्षात ठेवली की पुढचं सगळं काम सोपं होतं.

रसवाहिनीतला रस म्हणजे मुख्यतः साधी साखर, सुक्रोज, पाण्यात विरघळलेली. पानाकडच्या टोकाला साखर भरली जाते, तिच्यामागोमाग पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. मुळं, फळं, कोवळे कोंब यांच्याकडे साखर उतरवली जाते आणि दाब कमी होतो. या फरकावर रस वाहतो. जर्मन वनशास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही पायाभूत मानली जाते. रसाचा वेग साधारण तासाला एक मीटरच्या आसपास असतो. दाब 10 वातावरणांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या चार-पाच पट.

एवढ्या दाबाखालची नळी फुटली तर झाडाची सगळी कमाई वाहून जाईल. म्हणून रसवाहिनीला दर थोड्या अंतरावर भोकं असलेल्या आडव्या पट्ट्या आहेत आणि त्या बंद करायची दुहेरी सोय आहे. धक्का बसला की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि खास प्रथिनं भोकांपाशी अडकतात. कडधान्यांच्या कुळातल्या बहुतेक झाडांत तर फोरिसोम नावाचे प्रथिनांचे गठ्ठे असतात. ते सेकंदाच्या आत फुगून वाट अडवतात आणि कॅल्शियम ओसरलं की परत आक्रसतात. दुसरी सोय म्हणजे कॅलोज. हा पदार्थ भोकांच्या कडेने साचून ती बुजवतो. फाबा बीनच्या पानाचं टोक जाळून केलेल्या प्रयोगात, जळलेल्या जागेपासून दूरवरच्या पट्ट्यांवरही कॅलोज साचत गेलं, सुमारे 20 मिनिटांत सर्वांत जास्त झालं आणि पुढच्या एक-दोन तासांत ओसरलं. म्हणजे जखम एका टोकाला असली तरी दारं लांबवर लागतात, आणि ती परत उघडतातही.

अळसांद्याच्या (चवळीच्या) वेलावर काळा मावा बसलेला तुम्ही पाहिला असेल. तो नेमकी ही रसवाहिनी सोंडेने टोचतो, तरी वाट बंद होत नाही. माव्याच्या लाळेत कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे झाडाचं कुलूप लागतच नाही. मावा किंवा आंब्यावरचे तुडतुडे यांच्या शरीरातून पडणारा चिकट गोडवा हा तोच रस, जास्तीचा, बाहेर टाकलेला. त्यावर मग काजळी धरते.

आता मुख्य गोष्ट. दारं लागायला कापच हवा असं नाही. शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कार्बन-11 वापरून साखरेचा प्रवास जिवंत झाडात पाहिला. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटांचं असल्यामुळे एकाच झाडावर पुन्हा पुन्हा मोजमाप घेता येतं. रताळ्याच्या नात्यातल्या, रात्री फुलणाऱ्या एका वेलाचा देठ थोड्याच अंशांनी पण एकदम गार केला, तर रस थांबला आणि देठ गारच ठेवूनही काही मिनिटांत पुन्हा वाहू लागला. घेवड्याच्या खोडाला हादरा दिला तरी असाच तात्पुरता अडथळा दिसला. हाच बदल सावकाश केला तर रस असा अडत नाही. झाडाला खटकतो तो बदलाचा आकस्मिकपणा. माझ्या मते बागेत काम करणाऱ्याने या सगळ्या विज्ञानातून एकच गोष्ट उचलायची असेल, तर ती ही.

त्यामुळे झाडाला काही लागलं की आधी ठरवायचं, हे कुठल्या प्रकारचं आहे. हादरा, घासणं, वाकणं असेल तर मिनिटांचा-तासांचा प्रश्न, हात लावू नका. चेचलं, भाजलं असेल तर त्या जागच्या वाहिन्या मेल्या, आजूबाजूने नवी वाट व्हायला आठवडे लागतील. सालीचं पूर्ण कडं गेलं असेल तर वरची साखर खाली जाणं बंद झालं, आणि ते कडं भरून येईपर्यंत बंदच राहील.

डोळ्यांनी बघायचं असेल तर

शाळकरी मुलांना बरोबर घेऊन हा प्रयोग जरूर करा. चांगलं ऊन पडतं अशा जास्वंदीची सारख्या वयाची दोन पानं निवडा. दुपारी चारच्या सुमाराला एका पानाच्या देठाभोवती उकळत्या पाण्यात बुडवलेली कापडाची बारीक चिंधी गुंडाळा. मिनिटभरात दोन-तीनदा चिंधी पुन्हा बुडवून घ्या, बोटं सांभाळा. देठ लुळा पडेल, म्हणून त्याला माडाच्या हिराचा तुकडा लावून दोऱ्याने हलकेच बांधा. उष्णतेने रसवाहिनीच्या जिवंत पेशी मेल्या. जलवाहिनीच्या पेशी मुळातच मृत असतात, त्यामुळे पाणी चालू राहतं आणि पान सुकत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोन्ही पानं खुडा. आधी पाण्यात मिनिटभर उकळा, मग हिरवा रंग जाईपर्यंत स्पिरिटमध्ये ठेवा. स्पिरिटचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं आणि त्याआधी गॅस बंद करायचा. हे काम मोठ्यांनीच करावं, स्पिरिट पेट घेतं. पानं धुऊन त्यांवर पातळ केलेलं आयोडीन टाका. साध्या पानाने दिवसा साठवलेला स्टार्च रात्रीत साखर करून पाठवून दिलेला असतो, ते फिकट राहतं. भाजलेल्या देठाचं पान निळं-काळं होतं, कारण त्याचा माल आतच अडकला.

रोपांना वाऱ्याची सवय

वाफ्यातून काढलेली मिरची-वांग्याची रोपं पहिल्या जोराच्या वाऱ्यात आडवी पडतात, विशेषतः जाळीखाली लाडाने वाढवलेली. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्क जाफी यांनी 1973 मध्ये, स्पर्शाने झाडाची वाढ बदलते या गोष्टीला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं लांबलचक नाव दिलं. पुढे घेवड्याचं खोड घासल्यावर कॅलोज साचतं आणि इथिलीन वायू सुटतो हेही दाखवलं गेलं. परिणाम असा की खोड बुटकं आणि जाड होतं.

घरी करायचं ते एवढंच: रोप तीन-चार पानांचं झालं की रोज सकाळी दव सुकल्यावर रोपांच्या शेंड्यांवरून हात किंवा गुळगुळीत काठी अलगद फिरवायची, काही वेळा पुढे-मागे. पानं ओली असताना नको, रोग पसरतो. सुरुवात हलकी ठेवा, रोज थोडं वाढवा आणि लावणीच्या आदल्या दिवशी थांबवा. लावणीचा धक्का वेगळा, तो त्याच दिवशी दुसऱ्या धक्क्यात मिसळू नये. लावणी संध्याकाळीच करा.

आधाराची काठी बांधताना दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या, एक वेढा काठीला, एक सैल वेढा रोपाला. रोप थोडं डुललं पाहिजे.

गुटी: साखर अडवून मुळं काढणं

सालीचं कडं काढल्यावर वर साखर साचते हे सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पिगीने पाहिलं होतं. कड्याच्या वरची साल फुगते, खालची नाही. गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची रीत, याच फुगवट्यावर उभं आहे. पेरू, कागदी लिंबू, जाम यांची गुटी गोव्याच्या पावसात छान साधते, कारण हवेतच ओल असते. जूनमध्ये पाऊस बसला की सुरुवात करा, श्रावणापर्यंत चालतं.

फांदी निवडताना घाई नको. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची, उन्हात असलेली आणि टोकाला भरपूर पानं असलेली फांदी घ्या. ही पानंच मुळांना पोसणार आहेत, ती छाटू नका. फुलं-फळं मात्र काढून टाका, ती साखरेची वाटेकरी. टोकापासून हातभर मागे, डोळ्याच्या लगेच खाली, धारदार चाकूने गोल काप घ्या. त्याच्या खाली अडीच-तीन सेंटिमीटरवर दुसरा. दोन्ही कापांना जोडणारी उभी रेघ मारा आणि साल सोलून काढा. पावसाळ्यात ती सहज सुटते.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडतात आणि गुटी तिथेच फसते. उघड्या लाकडावर बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. तो कँबियम. चाकूच्या पाठीने तो सगळीकडून खरवडून काढा, लाकूड कोरडं खरखरीत लागेपर्यंत. तो राहिला तर काही दिवसांत नव्या सालीचा पूल तयार होतो, साखर पुन्हा खाली जाते, आणि दोन महिन्यांनी पिशवी उघडावी तर आत जखम भरलेली आणि मूळ एकही नाही. मुळं फुटायचं संजीवक मिळालं तर वरच्या कडेला थोडं लावा. खालच्या कडेला लावून उपयोग नाही, मुळं वरून येतात.

भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) मूठभर घेऊन वरच्या काठासकट जखमेभोवती बसवा, पारदर्शक प्लास्टिकने गुंडाळा, दोन्ही टोकं घट्ट बांधा. वरचं टोक विशेष, नाहीतर पावसाचं पाणी शिरून सगळं कुजतं. फांदी वाऱ्याने हलत असेल तर शेजारच्या फांदीला आधार द्या, कारण कोवळी मुळं हलण्याने तुटतात. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसू लागतात. पांढरी असताना थांबा, तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदी निम्मी कापा आणि आठवड्याने पूर्ण. एकदम तोडण्यापेक्षा हे बरं. अर्धी पानं कमी करून कुंडीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा.

न कळत पडलेला फास

आता उलटी बाजू. जे गुटीत मुद्दाम करतो, ते आपल्याच हातून नकळत कितीतरी झाडांना होत असतं. कपड्यांची तार, दिव्याच्या माळा, ऑर्किड बांधलेली नायलॉनची दोरी, नर्सरीच्या नावपट्टीची तार, कलमाच्या जोडावर राहून गेलेली प्लास्टिकची पट्टी, आणि पावसाळ्यात गवत कापायचं यंत्र. शेवटचं सर्वांत घातक. नायलॉनची दोरी फिरवणारं यंत्र कोवळ्या आंब्याच्या बुंध्याभोवती एकदा नेलं की साल सोलून निघते आणि गवताच्या हिरवळीत ते दिसतही नाही.

फास पडला की पाणी वर चढत राहतं, म्हणून पानं ताजी. साखर वरच साचते, म्हणून मोहर जास्त. मुळं मात्र साठवलेल्या स्टार्चवर जगतात आणि तो संपला की मरायला लागतात. पानांवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत हात फिरवा. कुठे वरच्या बाजूला फुगवटा आणि खाली खाच लागली की तिथे काहीतरी रुतलंय. तार ओढून काढू नका, साल सोलून निघेल. चार ठिकाणी तोडा, जे सुटतं ते काढा, खोल गेलेलं राहू द्या. नव्या कलमाची पट्टी जोड पक्का झाला की काढायलाच हवी.

काजूत हाच फास खोडकिडा घालतो. त्याच्या अळ्या बुंध्याजवळच्या सालीखाली नागमोडी बोगदे खात कडं पूर्ण करतात. बुंध्याशी लहान भोकं, डिंक आणि भुसा दिसला की त्याच दिवशी पटाशी घ्या. बोगद्याच्या वाटेने साल उभी उघडत अळ्या वेचून मारा. आडवी कापू नका, उरलेल्या वाहिन्या तुटतील. उघड्या पडलेल्या मुळांवर माती ओढा. अर्ध्याहून जास्त घेर खाल्ला गेला असेल आणि पानं पिवळी पडली असतील, तर झाड सहसा वाचत नाही. ते उपटून बागेबाहेर नेणं हेच शेजारच्या झाडांसाठी बरं.

तरुण आंब्याची साल यंत्राने गेली असेल तर दोन उपाय आहेत. जखम ताजी आणि लाकूड अजून ओलसर असेल, तर सोललेला भाग हाताने न पुसता, उन्ह लागू न देता लगेच प्लास्टिकने सैल गुंडाळून सावलीत ठेवा. कँबियम जिवंत असेल तर नवी साल धरते. जखम जुनी असेल तर भेट कलम हीच वाट. बुंध्याजवळ दोन-तीन बाजूंना आंब्याची जोमदार रोपं लावा. ती रुजली की त्यांचे शेंडे जखमेच्या वर पोचतील अशा उंचीवर मोठ्या झाडाच्या सालीत उभी खाच घ्या, रोपाच्या बाजूचा तेवढाच काप त्यात बसवा आणि पट्टीने आवळा. जोड धरला की रोपाचा जोडावरचा शेंडा छाटा. झाडाला नवी मुळं मिळाली आणि साखरेला खाली जायला वाट.

मुद्दाम खाच घ्यायची तर

मोहर न धरणाऱ्या झाडाला कोयता मारायची जुनी रीत आहे. तिच्यामागे तथ्य आहे, पद्धत मात्र धोक्याची. खोडाला हात न लावता मनगटाएवढ्या एक-दोन फांद्यांवर, पाऊस ओसरल्यावर, तीन-चार मिलिमीटर रुंदीचं सालीचं कडं काढा. कँबियम खरवडू नका, म्हणजे ते काही आठवड्यांत भरून येईल. झाड अशक्त असेल, लहान असेल किंवा गेल्या वर्षी भरपूर लागलं असेल तर हे करूच नका. दर वर्षी तर नाहीच.

माड आणि केळ वेगळी

माड, पोफळ, केळ यांत सालीखाली रसवाहिन्यांचं कडं नसतंच. वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात, त्यामुळे माडाला तार बांधून त्याचा फास होत नाही. पण माडात कँबियमही नाही, म्हणून चढण्यासाठी घेतलेल्या खाचा कधी भरून येत नाहीत. त्यांतून पाणी आणि कीड शिरते. केळीचं पान वाऱ्याने फाटतं ते आडव्या शिरांच्या मधून, शिरा शाबूत राहतात आणि प्रत्येक पट्टी आपली साखर मधल्या दांड्याला देत राहते. फाटलेलं हिरवं पान नीटनेटकेपणासाठी कापू नका. दांडा मोडला असेल तरच काढा.

आणि माडावर रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, जे करतो ते या सगळ्या विषयातलं सर्वांत नाजूक काम आहे. न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तो बांधून घेतो, फुटू नये म्हणून. मग रोज तिच्यावर हलके ठोके देतो, आतली ऊती मऊ पडते. पोय एका दिवसात वाकवत नाही, थोडी थोडी खाली आणतो. टोक छाटल्यावरही रस लगेच येत नाही. काही दिवस कातीने (धारदार सुरीने) पातळ काप घेत राहावं लागतं. मग थेंब सुरू होतात. दिवसातून तीनदा माडावर चढणं होतं, सकाळ-संध्याकाळ सुर, म्हणजे माडी, उतरवायला आणि दुपारी पोयीचं टोक ताशीव करायला. रोजच्या पातळ कापाने बुजलेली तोंडं निघून जातात आणि वाट उघडी राहते. काप जाड घेतला तर पोय लवकर संपते, चुकवला तर रस आटतो. माडाच्या रसवाहिन्यांना नवी जोड मिळत नाही, खोडातल्या त्याच पेशी वर्षानुवर्षं काम करतात, आणि त्यांतूनच चांगल्या माडाचा दिवसाला लिटर-दीड लिटर रस येतो, सुमारे 12 ते 17 टक्के साखरेचा.

हे शिकल्यावाचून करायचं काम नाही आणि अबकारी खात्याच्या परवान्याशिवाय करताही येत नाही. पण माड रेंदेराला द्यायचा असेल तर निवड तुमच्या हातात असते. महिन्याला एक या गतीने पोय टाकणारा, भरल्या झापांचा माड द्या. पानं पिवळी असलेला, भुंग्याने पोखरलेला देऊ नका. काढायला दिलेल्या पोयीला नारळ लागणार नाहीत हे धरूनच हिशेब करा आणि काही महिन्यांनी माडाला विसावा द्या. गूळ करायचा असेल तर मडक्याला आतून चुना लावायला सांगा. चुन्याशिवाय उतरवलेला रस काही तासांतच आंबायला लागतो आणि मग त्याचा गूळ धरत नाही. चुन्याचा रस सकाळीच गाळून, त्याच दिवशी रुंद तोंडाच्या कढईत आटवायला घ्या.